नऊ आणि बारा

ओसोरच्या वरच्या अंगाला, चेस्टनटच्या रानापाशी,
फेर्मीच्या जुन्या गोठ्यात दोन गाड्या उभ्या होत्या.
बिनसीटच्या. ट्रायलच्या गाडीला सीट नसतंच.
बसायचं असेल तर घरी बसावं, म्हणाला,
आणि माझ्या गुडघ्याकडे बघून गप्प झाला.

एक नवाची. एक बाराची.
रंग एकच, नवाचा उन्हाने विटून गाजरावर आलेला.
मी या खोऱ्यात टपाल वाटते;
कुणाच्या अंगणात काय गंजतंय ते मला पाठ आहे.
हे दार मात्र उघडं पाहिलं नव्हतं.

तो सांगत गेला, हात पुसत.
बाराचा क्लच एका बोटाचा, लोण्यात सुरी.
नवाचा गारठ्यात चिकटतो,
पहिला गिअर टाकलास की बकरीसारखी उसळते,
तेवढं एकदा सोसायचं, मग दिवसभर शहाणी.
बाराचे पुढचे शॉक मऊ.
नवाचे कडक, पण दगड केवढा होता
ते मनगटाला खरं सांगणारे.
बाराचे सुटे भाग जिरोनात मिळतात.
नवाचे?
मिळतात की. कुणी मेलं की.

मी वाकले. आधी पोटाखालचा पत्रा बघायचा,
तिथे गाडीला खोटं बोलता येत नाही.
बाराच्या पत्र्याला दोन-चार पोचे, तोंडदेखले.
नवाचा ठोकून ठोकून तव्यासारखा.
मागचं चाक धरून हलवलं.
बारा मुकाट.
नवात बारीक कटकट,
पडायला आलेल्या दाताला जीभ लागावी तशी.

नऊनंतर एकदम बारा? मधे काहीच नाही?
त्या साली घेतली नाही, म्हणाला,
आणि तेलाचा डबा उगाच
या फळीवरून त्या फळीवर ठेवला.
तेव्हा आठवलं.
बार्सिलोनाच्या इस्पितळाचे लखोटे, खिडकीचे,
दर पंधरवड्याला मीच आणत होते इथे,
त्याच्या नावाचे नव्हेत, रेमेईच्या.
मग ते यायचे थांबले.
मी चेन बघत राहिले. चेन बरी होती.

खाली ओढ्याचं कोरडं पात्र, गोटे, मुळं,
वळणावर टेबलाएवढा एक खडक.
दोन्ही गाड्या तिथे चालवून पाहिल्या.
पाय टेकला की एक गुण, आडवे झालात की पाच;
शून्य मिळवून ताठ मानेने घरी जावं
असा हा एकच खेळ मला माहीत आहे.
बारावर तीनदा टेकला.
नवावर एकदाच.
पण नवावरून उतरले तेव्हा दंड भरून आले होते
आणि हाताची थरथर
हातमोजे काढायच्या निमित्तानेही लपेना.
सत्तेचाळीस वय माझं. सोमवारी पुन्हा टपालाची पिशवी.
मला हलका क्लच हवा होता, झालं.

बारा, मी म्हणाले.
त्याने पैसे मोजले नाहीत. तसेच खिशात घातले.
मग पाना घेऊन नवाशेजारी बसला
आणि तिचे फूटरेस्ट काढायला लागला,
रुंद, दातांना स्वतः कानशीने धार लावलेले.
बाराचे ओल्यात सरकतात. हे लाव.
बसतात, मी बसवून पाहिलेत.

अहो, पण मग ही कोण घेणार?

बोल्ट गंजलाय, म्हणाला,
तिकडून जरा जोर लाव.

मी लावला.
दुसऱ्या बाजूचा त्याहून घट्ट होता,
त्याला तेल सोडून बसलो थोडा वेळ,
काही न बोलता, अंधार व्हायला आला तरी.

उतरणीला लागल्यावर आरशात पाहिलं.
गोठ्यात दिवा होता अजून.
मागे व्हॅनमध्ये बारा दोरीत कुरकुरत होती,
आणि शेजारच्या सीटवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेले
ते दोन फूटरेस्ट, प्रत्येक वळणावर
माझ्या बाजूला सरकत होते.